सुट्टीवर गावी आलेल्या फौजीसाठी: भरतीची पोरं कशी हेरायची, कशी उभी करायची

एसटीतून उतरून पिशवी खांद्यावर टाकली की पारावरून पहिली हाक येते, "काय मेजर, कधी आला?" तुम्ही शिपाई असा नाहीतर हवालदार, गावाला तुम्ही मेजरच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तुमचा चहा व्हायच्या आत, कुणाचा तरी बाप पोराला घेऊन दारात उभा. "याचं काहीतरी बघा. पळतो चांगला."

मी सतरा वर्षं मराठा लाईट इन्फंट्रीत काढली. आता सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात असतो. सुट्टीवर असताना आणि निवृत्तीनंतर बरीच पोरं पाहिली. काही भरती झाली, काही माझ्या चुकीमुळे राहिली, त्यातली एक चूक खाली सांगतोच. सुट्टीतल्या महिन्याभरात गावातल्या पोरांसाठी काही करायची इच्छा असलेल्या फौजी भावांसाठी हे लिहितोय.

आपण भरती कार्यालयाची माणसं नाही. कुणाला भरती करायचा अधिकार आपल्याला नाही. आणि सैन्यात जायला तयार असलेल्या पोरांचीही आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती वेळेवर खरं सांगणाऱ्याची. एकविसाव्या वर्षी मैदानात कळणारी गोष्ट पोराला सतराव्या वर्षी घरच्या पडवीत कळावी, एवढंच आपलं काम.

१. आधी स्वतःची माहिती ताजी करा

हा सगळ्यात मोठा सापळा, आणि त्यात पोरं नाही, आपणच पडतो. आपण ज्या पद्धतीनं भरती झालो तीच आजही असेल असं धरून आपण सल्ला देतो. आपल्या वेळी आधी मैदान होतं, पळून निघालं की मेडिकल आणि शेवटी लेखी. म्हणून आपण सांगतो, "आधी पळ, लेखीचं नंतर बघू." २०२३ पासून हे उलटं झालंय. आधी ऑनलाइन परीक्षा, तिच्या यादीत नाव आलं तरच मैदान. पाच मिनिटांत सोळाशे मीटर मारणारं पोरगं परीक्षेत गेलं तर त्याला मैदान बघायलासुद्धा मिळत नाही.

नोंदणी जॉइन इंडियन आर्मीच्या सरकारी संकेतस्थळावर होते, गेल्या काही वर्षांत साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. उन्हाळी सुट्टीवर मेमध्ये आलात तर त्या वर्षीची नोंदणी बहुधा उरकलेली असेल. तेव्हा पुढच्या वर्षाची तयारी सुरू करा, उगीच घाई नको.

गावी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या भरती कार्यालयाची चालू अधिसूचना उघडून पूर्ण वाचणं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा यांचं कार्यालय कोल्हापूरला आहे. बाकी जिल्हे पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथल्या कार्यालयांत वाटलेले आहेत. वयाचं तर तोंडपाठ कधीच सांगू नका. खालची मर्यादा साडेसतरा. वरची मर्यादा अग्निपथ (चार वर्षांच्या भरतीची योजना) सुरू झाली तेव्हा २१ होती आणि २०२२ मध्ये एका वर्षापुरती २३ केली होती. अधिसूचनेत 'या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले' अशी ओळ असते, ती पोराच्या बापाला बोट ठेवून दाखवा.

२. टेप काढा, पोरं मोजा

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी एका पोराची उंची शिंप्याच्या टेपनं मोजली. पायात चप्पल, पाठ पडवीच्या ओबडधोबड भिंतीला. १६९ भरली. "बिनधास्त पळ," म्हणालो. त्यानं दीड वर्ष पहाटे चारला उठून डांबरी तुडवली. मैदानात शिरताना उंचीच्या आडव्या दांडीखालून चालायचं असतं. दांडी त्याच्या केसालासुद्धा लागली नाही. घरी येऊन नीट मोजला तर १६६ आणि वर थोडंसं. पोरगं मला काही बोललं नाही. त्याची आई बोलली, आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून मोजायची पद्धत ठरलेली आहे. जमीन फरशीची, भिंत सपाट, पाय अनवाणी. टाचा, पार्श्वभाग आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोक्यावर वही ठेवायची नाही, ती कलते. गवंड्याचा गुण्या घ्यायचा, एक बाजू भिंतीला, दुसरी डोक्याला, आणि खूण करून लोखंडी टेपनं मोजायचं. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, म्हणून दोन्ही वेळा मोजा आणि कमी असेल तो आकडा धरा.

महाराष्ट्रातल्या पोराला जनरल ड्यूटीसाठी, म्हणजे साध्या शिपायासाठी, १६८ सेंटिमीटर लागतात. छाती ७७ आणि फुगवून आणखी ५. फुगवणं सरावानं येतं, उंची येत नाही. सोळा वर्षांचं पोरगं १६६ असेल तर पेन्सिलनं लिहा, पुढच्या दिवाळीला परत मोजा. वीस वर्षांचं १६५ असेल तर लटकल्यानं वाढेल, औषधानं वाढेल असलं काही सांगू नका.

पण "नाही" सांगून त्याला वाटेला लावू नका. १६८ च्या खालीही बरंच काही आहे. लष्करात क्लार्कला १६२ चालतात, मात्र बारावीला ६० टक्के हवेत. महाराष्ट्र पोलीस शिपायाला १६५. नौदलाच्या अग्निवीराला (अग्निपथमधून भरती झालेल्या जवानाला) १५७, हवाई दलाला १५२. गावातल्या निम्म्या पोरांना हे ठाऊक नसतं. त्यांच्या डोक्यात सैन्य म्हणजे पायदळ, कारण त्यांनी बघितलेला फौजी म्हणजे तुम्ही.

सैनिकाच्या किंवा माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत २ सेंटिमीटरची सूट आहे. त्यासाठी बापाच्या रेकॉर्ड ऑफिसचा नात्याचा दाखला लागतो आणि तो यायला वेळ लागतो. पुतण्या, भाचा, मेव्हणा यांना ही सूट नाही. भावकीत यावरून वाईटपणा येतो, तो घ्या.

३. प्रत्येकाला एक पान

दोनशे पानी वही आणा. एका पोराला एक पान: जन्मतारीख, उंची, छाती, दहावी-बारावीचे टक्के, सोळाशेची वेळ, बीम (दांडीला लटकून अंग वर खेचणं) किती, कुठला कागद बाकी. मोबाईलमध्ये ठेवू नका. वही पारावर उघडी पडली की पोरं आपसात वेळा ताडून बघतात आणि निम्मी शिस्त तिथंच लागते.

शिक्षणाची चाळणी पहिल्या पानावर लिहून ठेवा. जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. टेक्निकलला बारावी विज्ञान, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, इंग्रजी घेऊन एकूण ५० आणि विषयात ४०. ट्रेड्समनमध्ये (स्वयंपाकी, सफाई असल्या कामांचे जवान) आठवी पासचीही जागा असते. गणितात कसाबसा पास झालेला पण हलकी गाडी चालवणारा कुणी असेल तर त्याला पक्कं लायसन्स काढायला लावा, ड्रायव्हरसाठी त्याचा उपयोग होतो. कॉलेजात असेल तर एनसीसी. 'सी' प्रमाणपत्राला जादा गुण मिळतात.

आणि वही घेऊन फिरताना फक्त पळणारी पोरं बघू नका. आठवी-नववीत एखादं पोरगं गणितात खरंच हुशार असतं, बाप ऊसतोडीला नाहीतर हमालीला. अशा घरात जाऊन बसा. दहावीनंतर एनडीएची (लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीची) तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था, सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. हे मी सांगितल्यावर आमच्या गावातल्या एका मास्तरांनीच विचारलं, "म्हणजे आपल्यातला पोरगा अधिकारी होऊ शकतो?" मुलींना तर कुणी विचारतच नाही. मिलिटरी पोलीसमध्ये महिला अग्निवीर घेतात, दहावी पास आणि उंची १६२. मुलगी मोजायला तुमच्या घरातली बाई माणसं बरोबर घ्या.

४. कागद

पळण्यात नापास झालेली पोरं मी बघितली, पण रडताना बघितली ती कागदात अडकलेली. मैदान मारलंय, बीम मारलेत, आणि टेबलावरचा माणूस म्हणतो, "आईचं नाव इथं वेगळं आहे." मार्कलिस्टवर शोभा, आधारवर शोभाताई. एवढंच.

काढून ठेवायचे कागद:

– दहावीचं प्रमाणपत्र आणि मार्कलिस्ट, पुढचं शिक्षण असेल तर तेही, सगळं मूळ
– आधार कार्ड, मोबाईल नंबर जोडलेला, पॅन, स्वतःच्या नावाचं बँक खातं
– तहसील कार्यालयाचा अधिवास दाखला, फोटोसह
– जातीचा दाखला
– शाळेचा किंवा कॉलेजचा चारित्र्याचा दाखला
– सरपंच किंवा पोलीस पाटलाचा चारित्र्याचा दाखला, सहा महिन्यांच्या आतला
– अविवाहित असल्याचा दाखला, फोटोसह, तोही सहा महिन्यांच्या आतला
– एनसीसी, खेळ, नात्याचा दाखला, जे लागू असेल ते
– अधिसूचनेतल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प पेपरवर
– पासपोर्ट आकाराचे वीसेक फोटो, ताजे, दाढी केलेले

नावाचं स्पेलिंग, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे सगळीकडे एकच हवं. फरक असेल तर आधार दुरुस्त करा, कारण दहावीचं बदलायला बोर्डाचे हेलपाटे आणि वर्ष दोन्ही जातं. दाखल्यांसाठी सेतूत गर्दी होण्याआधी जा. सरपंचाच्या दाखल्यावर सही आहे पण फोटोवर शिक्का नाही, ही आमच्याकडची हमखास चूक. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर बसला पाहिजे.

फॉर्म भरताना पोराच्या शेजारी बसा. नेट कॅफेवाला एका तासात वीस फॉर्म भरतो, तो जिल्हासुद्धा चुकवतो. फी एका पदाला २५० रुपये. तेवढीच. पासवर्ड आणि ईमेल पोराच्या स्वतःच्या मोबाईलवर असू दे, कॅफेवाल्याच्या नको.

५. परीक्षा

जनरल ड्यूटीला ५० प्रश्न आणि एक तास. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून पोरांना सोडायला शिकवा. २०२५ पासून पेपर मराठीतही घेता येतो. फॉर्ममध्ये भाषा निवडताना हे आठवणीनं बघा.

तुम्हाला गणित शिकवता येत नसेल तर शिकवू नका. शाळेतल्या सरांना रोज संध्याकाळी एक तास मागा, चहाचं तुम्ही बघा. आम्ही ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसवतो. एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. आमच्या पोरांचा मोबाईलवर अंगठा वीजेसारखा चालतो, पण कित्येकांनी माऊस हातातच धरलेला नसतो. केंद्रावर पहिली दहा मिनिटं बाण शोधण्यात जातात. शाळेच्या कॉम्प्युटरवर चार-पाच सराव परीक्षा करून घेतल्या की हे मिटतं.

६. ग्राऊंड

सोळाशे मीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण ६० गुण. ५ मिनिटं ४५ सेकंदांपर्यंत ४८. पूर्वी इथंच दार बंद व्हायचं. २०२५ पासून पुढे आणखी दोन गट आले, ६ मिनिटांपर्यंत ३६ आणि सव्वासहापर्यंत २४. पोरं लगेच म्हणतात, "मग सव्वासहा बास की." बास नाही, कारण शेवटी यादी गुणांवर लागते.

पोराला मिनिटात सांगू नका, फेरीत सांगा. चारशेच्या चार फेऱ्या, साडेपाचासाठी एका फेरीला ८२ सेकंद. आमच्या शाळेचं मैदान दोनशेचं आहे, म्हणजे आठ फेऱ्या, एकेक ४१ सेकंदांची. सरळ डांबरीवर लावलेली वेळ धरू नका. गावाकडचा रस्ता बघितला तर जाताना उतार असतो, आणि पोरगं खुशीत येऊन सांगतं ५:१५. तेच मैदानावर वळणं घेत ५:५० ला येतं. आणि एकट्याला कधी पळवू नका. भरतीत घोळक्यात सोडतात, कोपर लागतं, पुढचा पडतो. पंधरा-वीस पोरं एकदम सोडून सराव करा, दुसऱ्या गावची बोलवा.

बीम दहा काढले की ४० गुण, सहाला १६. अंग झोकून मारलेला मोजत नाहीत. हात पूर्ण सरळ, हनुवटी दांडीच्या वर. दोन आंब्यांच्या मध्ये दीड इंची जीआय पाईप घट्ट बांधला की झालं. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग (नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) यांना गुण नसतात, नुसतं पार करायचं, पण चुकलं तर बाहेर. म्हणून खड्डा खरंच खणा, नुसती रेघ मारून चालत नाही. खड्डा बघून पोरांची पावलं बिचकतात.

इंजेक्शन, वेदनाशामक गोळ्या, 'दम वाढायची पावडर' यातलं काही पोराच्या पिशवीत दिसलं तर वहीतलं पान त्याच्यासमोर फाडा. मी एकदा फाडलंय.

७. मेडिकलची घरगुती चाळणी

तुम्ही डॉक्टर नाही, पण उघड गोष्टी दिसतात. दोन्ही पाय जुळवून उभं करा, गुडघे एकमेकांना भिडून घोट्यात अंतर राहतं का बघा. ओला पाय फरशीवर ठेवून ठसा बघा. पूर्ण तळवा उमटला तर सपाट पाऊल. हात सरळ सोडून कोपराचा कोन बघा. पिंढरीवर फुगलेल्या शिरा. कानात मळ. कानाच्या मळानं पोरं अडकतात हे सांगून कुणाला पटत नाही. दीडशे-दोनशे रुपयांत डॉक्टरकडून साफ होतो, काडी घालू नये. रंग ओळखायची तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधीच करून घ्या, कारण रंगांधळेपणाला इलाज नाही आणि पोराला स्वतःला तो माहीत नसतो.

गोंदण फार लक्ष देऊन बघा. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतं. दंडावर, छातीवर, मानेवर नाही. जत्रेत दंडावर वाघ काढून घेतलेलं पोरगं दर वर्षी एक तरी सापडतं.

मैदानात अनफिट सांगितलं तर तिथंच रडत बसू नये. फेरतपासणीला लष्करी रुग्णालयात पाठवतात, त्या कागदावरची तारीख पाळावी.

८. चार वर्षांचा हिशेब, बापासमोर

तुमचा गणवेश, तुमचं पेन्शन, तुमची कॅन्टीन बघून पोरगं येतं. त्याला मिळणारी नोकरी तुमची नाही, हे तोंडावर सांगा. अग्निवीर चार वर्षांसाठी असतो. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम होतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही.

पैसे पाटीवर मांडून दाखवा. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीला (बाहेर पडताना एकरकमी मिळणारा पैसा), हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. त्याचे चार वर्षांत साधारण ५ लाख जमतात, तेवढेच सरकार घालतं, आणि व्याजासह बाहेर पडताना सुमारे पावणेबारा लाख मिळतात. वर्षाला ३० दिवस सुट्टी. चार वर्षं लग्न नाही. शेवटचं सांगितल्यावर आयांचे चेहरे बघा, म्हणून तर आईलाही बोलवायचं.

हे ऐकून काही घरं मागं फिरतात. फिरू द्या. बावीस-तेवीसाव्या वर्षी हातात एक रक्कम, अंगात शिस्त आणि पोलीस भरतीचं वय शिल्लक, असाही हिशेब काही बाप करतात. तो त्यांचा त्यांनी करायचा.

९. दलाल

त्याची युक्ती समजून घ्या आणि पोरांना समजवा. तो दहा पोरांकडून पैसे घेतो, "काम झालं तर ठेवतो, नाही तर परत." करत काहीच नाही. दहातली दोन पोरं स्वतःच्या पळण्यावर लागतात. त्यांचे पैसे तो ठेवतो, बाकीच्यांचे रडतखडत परत देतो किंवा देत नाही. पण गावात बोभाटा होतो की अमक्यानं दोघांना लावलं. काही जण तारण म्हणून मूळ मार्कलिस्ट ठेवून घेतात. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, अकॅडमीच्या सुद्धा नाही.

तुमचंही नाव यात वापरलं जातं. "मेजरची वर ओळख आहे" एवढं वाक्य पुरतं. म्हणून पहिल्याच दिवशी पारावर चारचौघांत सांगायचं: माझी कुठं ओळख नाही, मी रुपया घेत नाही, माझ्या नावानं कुणी मागितला तर थेट पोलीस स्टेशन. पोरगं लागल्यावर बाप पेढ्यांबरोबर पाकीट आणतो. पेढा घ्या. नोकरीत असताना असलं पाकीट तुमचीच वर्दी उतरवेल.

पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमच्या युनिटचे फोटो, पोस्टिंग, हालचाल काहीही टाकू नका. पोरं कौतुकानं मागतात, ते कौतुक पुढं कुठं जातं ते आपल्या हातात नसतं.

१०. सुट्टी संपताना

वही बरोबर नेऊ नका. शाळेच्या खेळाच्या सरांकडे किंवा गावातल्या निवृत्त फौजीकडे द्या, स्टॉपवॉच आणि गवंड्याचा गुण्याही. राजकारणात असलेल्या माणसाकडे देऊ नका, निवडणूक आली की वही प्रचाराला लागते.

भरतीच्या मैदानावर बहुधा मध्यरात्रीनंतर आत घेतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच पोचावं लागतं. दोन घरांच्या मिळून एक जीप ठरवा आणि एक जाणता माणूस बरोबर द्या. त्याच्याकडे कागदांची प्लास्टिकची फाईल, झेरॉक्सचे दोन संच, गूळ-शेंगदाणे, केळी, पाणी आणि पांघरूण. पोरांनी त्या रात्री ढाब्यावर मटण खाऊ नये, हे त्या जाणत्याला बजावून सांगा, कारण तोच पहिला ऑर्डर देतो.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तुमच्या पुढच्या सुट्टीचा अंदाजे महिना लिहून ठेवा. पोरं ते बघायला येतात.